रस्टीकाकूंचे बंद कारखाने

रस्टीकाकूंनी चालू असलेली एकही गोष्ट कधी रंगवली नाही. लंडनजवळच्या आमच्या स्लाऊ गावाहून विंडसरचा किल्ला अगदी जवळ. नदीच्या ज्या वळणावर उभं राहून जगभरची माणसं त्या किल्ल्याचे फोटो काढतात, तिथे मी त्यांना एकदा घेऊन गेले होते. नदीत हंस होते, होड्या होत्या, वर झेंडा फडकत होता. काकूंनी घडीचं स्टूल उघडलं, किल्ल्याकडे पाठ केली आणि झाडीत अर्धा बुडालेला वाळू-खडीचा एक बंद कारखाना रंगवायला घेतला. शेजारी उभ्या असलेल्या एका टुरिस्ट बाईंनी हसून विचारलं, तुम्ही चुकीच्या दिशेला तोंड करून बसलात का? काकू वर न बघताच इंग्रजीत म्हणाल्या, "किल्ल्याकडे बघायला तुम्ही सगळे आहात की." बाई थोडा वेळ घुटमळल्या आणि निघून गेल्या. काकूंनी पाण्याची डबी बदलली.

रस्टीकाकू हे नाव मुलांनी ठेवलेलं. इथल्या मराठी मंडळाच्या रविवारच्या वर्गात काकू चित्रकला शिकवायला जायच्या. आपलं घर काढा म्हटलं की मुलं लाल छप्पर आणि पिवळा सूर्य काढत. काकू प्रत्येकाच्या कागदाजवळ थांबून विचारायच्या, "गटरचा पाइप कुठाय? त्याच्याखाली भिंतीवर गंजाचा डाग पडलाय ना? तो काढ." मुलांना घरी जाऊन डाग शोधायचा नाद लागला. कुणीतरी त्यांना रस्टी आंटी, म्हणजे गंजलेली आंटी, म्हणायला लागलं, आयांनी आंटीचं काकू केलं आणि तेच राहिलं. मंडळातल्या एका बाईंनी मुलांच्या वतीने माफी मागितली, तर काकू म्हणाल्या, "अहो, माफी कसली? रंगावरून नाव ठेवलंय माझं. बाकीच्यांना नुसती नवऱ्याची आडनावं मिळतात."

मी त्यांना पहिल्यांदा भेटले ती मंडळाच्या दिवाळीत. त्या वर्षी उन्हाळ्यात माझे बाबा पुण्यात वारले होते. माझ्या व्हिसाचा अर्ज होम ऑफिसकडे अडकलेला होता, निकाल लागेपर्यंत देश सोडता येत नव्हता. मी सगळं फोनच्या स्क्रीनवर पाहिलं. दादाने फोन उंच धरला होता, मध्येच कुणाचा तरी खांदा आड यायचा. मग कॉल संपला आणि मी लॅपटॉप उघडून लॉगिन केलं, कारण कामाचा दिवस होता. त्यानंतर मी नीट जेवत होते, ऑफिसला जात होते, टीममधल्या लोकांच्या जोक्सना हसतही होते. आत काही हलत नव्हतं, एवढंच. घरमालकीण असलेली माझी मैत्रीण मला दिवाळीला जवळजवळ ओढतच घेऊन गेली.

भाड्याचा हॉल होता. एका बाजूला फराळाचे स्टॉल, दुसऱ्या बाजूला मेंदी, आणि टॉयलेटकडे जाणाऱ्या पॅसेजच्या तोंडाशी एका टेबलावर काकूंची जलरंगातली चित्रं मांडलेली. गॅसच्या टाकीचा उरलेला सांगाडा. कालव्याकाठचं गोदाम. मेडवे नदीवरचा सिमेंटचा कारखाना. दिवाळीच्या दिवशी अशी चित्रं कुठे ठेवायची हे आयोजकांना कळलं नसावं, म्हणून ती तिथे गेली होती. एका चित्रापुढे मी थांबले. लांबलचक विटांची भिंत, करवतीच्या दात्यांसारखं छप्पर, तारेचं कुंपण, पार्किंगच्या फरशीतून वर आलेलं गवत. आभाळ सगळीकडे सारखंच पांढुरकं. त्यात काहीच घडत नव्हतं. सगळ्या हॉलमध्ये माझ्याकडून काही न मागणारी तेवढी एकच गोष्ट होती.

"काय बघतेयस?" टेबलामागून आवाज आला. ठेंगणी बाई, पांढरे केस कापलेले, सुती साडीवर टोपीवालं जाड जॅकेट चढवलेलं.

"काही नाही," मी म्हटलं.

"बरोबर. तेच आहे त्यात. कुठे काम करतेस?"

"डेटा सेंटरमध्ये. ट्रेडिंग इस्टेटवर." गावातली ती जुनी औद्योगिक वसाहत.

"गाडी आहे?"

"आहे."

"शनिवारी मोकळी असतेस?"

अशी आमची ओळख झाली. नाव त्यांनी नंतर विचारलं. मुग्धा म्हटल्यावर म्हणाल्या, "छान आहे. पण जड आहे. मी तुला मुगी म्हणेन." त्या मला मुगीच म्हणत राहिल्या.

त्यानंतर आमचे शनिवार सुरू झाले. काकूंना गाडी येत होती, पण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मोटरवेवर जायला त्या कचरायच्या. मी गाडी चालवायची, त्या शेजारी मांडीवर डबा घेऊन बसायच्या. डब्यात फॉइलमध्ये थालीपिठं, थर्मासमध्ये चहा. बंद कारखाने गावाबाहेर असतात असं मला वाटायचं. ते सगळीकडे असतात. सुपरमार्केटच्या मागे असतात, नव्या फ्लॅट्सच्या मधे असतात, आपण रोज जातो त्या रस्त्यावर उंच फळ्यांच्या मागे असतात.

सिक्युरिटी गार्डशी बोलायची काकूंची एक पद्धत होती. परवानगी मागायची नाही, कारण परवानगी मागितली की त्याला साहेबाला फोन करावा लागतो. त्या आधी त्याची चौकशी करायच्या. कुठला, इथे किती वेळ बसतोस, हीटर चालतो का. मग चहा द्यायच्या. एकदा एका रोमेनियन मुलाने चहा घेता घेता मागच्या शेडकडे हात केला आणि म्हणाला, पण इथे बघण्यासारखं काय आहे, हा नुसता उकिरडा आहे. काकू म्हणाल्या, "हो ना. लंचपर्यंत वापरायला देतोस?" त्याने गेट उघडलं.

संध्याकाळी रंगवायचं नाही, हा त्यांचा नियम. उन्हं कलायला लागली की त्या ब्रश धुवायला घ्यायच्या, चित्र अर्धं असलं तरी. त्यांना हवा असायचा सकाळचा सपाट, बिनसावलीचा उजेड. तो इंग्लंडमध्ये भरपूर मिळतो. मी एकदा विचारलं, "काकू, आत्ता बघा ना, काय सुंदर दिसतंय. सगळ्या विटा केशरी झाल्यात."

"म्हणूनच निघू या."

"पण संध्याकाळही खरीच असते ना? खोटी थोडीच आहे?"

त्या ब्रशचं टोक बोटांनी जुळवत राहिल्या. "ती खोटी नाही," त्या म्हणाल्या. "ती माझ्या हातून खोटी होते."

मलाही त्यांनी एक वही आणि रंगांची छोटी पेटी दिली होती. माझी चित्रं वाईट यायची. त्यावर त्यांनी कधी दिलासा दिला नाही आणि नाकही मुरडलं नाही. शेजारी बसून एखादं वाक्य टाकायच्या. "खिडकी काढू नकोस. आतला काळोख काढ, खिडकी आपोआप येते." किंवा, "गंज म्हणजे तपकिरी असं तुला कोणी सांगितलं? नीट बघ, त्यात निळा आहे." मी बघायचे आणि काही वेळाने निळा दिसायचा. त्या काही तासांत मी दुसरं काही करत नसे. बाबांचा विषय काढायला मला बरेच महिने लागले. तोही कालव्याच्या काठी, माझ्या कागदावर पाणी जास्त झालं म्हणून आम्ही तो वाळायची वाट बघत बसलो होतो तेव्हा.

"बाबा गेले तेव्हा मी रडले नाही," मी म्हटलं. "अजूनही रडलेले नाही."

"मग काय केलंस?"

"ऑफिसचं लॉगिन केलं."

"बरं केलंस," काकू म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "जेवतेस ना?"

"हो."

"झोप?"

"लागते."

"मग असू दे. वाळलं बघ तुझं."

लोक मला बाबांबद्दल बरंच काही सांगून गेले होते. त्यातलं फारसं आठवत नाही. हे आठवतं.

काकू मूळच्या कोल्हापूरच्या. तिथे त्या चित्रकला शिकल्या होत्या, रीतसर, डिप्लोमा घेऊन. त्यांचे मास्तर वर्गाला रंकाळ्यावर न्यायचे आणि पाणी, आकाश, झाडं करून घ्यायचे. लग्न होऊन स्लाऊला आल्या तेव्हा ट्रंकेत रंगांच्या नळ्या होत्या. पहिल्या हिवाळ्यात त्यांनी खिडकीतून दिसणाऱ्या बागेचं एक चित्र केलं. मग चॉकलेटच्या फॅक्टरीत पॅकिंगला लागल्या, मग मुलगी झाली, मग शाळेच्या किचनमध्ये नोकरी, मग सासूबाई आल्या. नळ्या कधीतरी वाळून गेल्या. हे त्या तक्रारीच्या सुरात सांगत नसत. मी एकदा विचारलं की बंद पडलेलंच का रंगवता. त्या म्हणाल्या, "कारखाने चालू होते तेव्हा मला वेळ नव्हता. मला वेळ मिळाला तेव्हा ते बंद होते. समोर होतं ते काढलं."

काका, म्हणजे त्यांचे यजमान, गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कारखान्यात होते. आले तेव्हापासून कारखाना बंद होईपर्यंत तिथेच. दिवाळीत मी ज्या चित्रापुढे उभी राहिले होते, तो हाच कारखाना. काकूंनी त्याची चित्रं कितीदा केली होती कुणास ठाऊक. वरच्या बॉक्स रूममध्ये, म्हणजे अडगळीच्या छोट्या खोलीत, भिंतीला टेकवून त्यांची चळत होती. सगळी बाहेरून, कुंपणाच्या अलीकडून. ब्रेकच्या लायनिंगमध्ये पूर्वी ॲस्बेस्टॉस घालायचे. काका रिटायर होऊन बरीच वर्षं झाल्यावर त्यांना दम लागायला लागला आणि मग कळलं की फुप्फुसात ती धूळ बसलेली आहे. मी काकूंना भेटले त्याच्या आधी काही वर्षं काका गेले. केस झाली, ती मिटली. काकूंनी हे सगळं मला कारखान्याच्या कुंपणाशी बसून सांगितलं, रंग कालवता कालवता, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं.

"ते कामाबद्दल बोलायचे का?" मी विचारलं.

"छे. घरी आले की हात धुवायचे आणि टीव्ही लावायचे. काय केलंत आज म्हटलं की म्हणायचे, काम केलं. मी एकदाही आत गेले नाही. बायकांना कुठे नेतात? मला आपलं वाटायचं, काळोख असेल. मोठी मशिनं, धूर, काळोख. या भिंती बघ ना, एवढ्याशा खिडक्या."

"म्हणून काढता का हे सारखं?"

"बाहेरून जेवढं दिसतं तेवढं काढते," काकू म्हणाल्या. "आतलं मला माहीत नाही."

पुढच्या वर्षी काउन्सिलने लायब्ररीच्या वरच्या मजल्यावर गावातल्या जुन्या उद्योगांवर एक प्रदर्शन भरवलं. काकूंची काही चित्रं त्यात घेतली. ते प्रदर्शन मांडणारी हेलन म्हणून एक तरुण मुलगी होती, चांगली होती, काकूंची चित्रं तिला मनापासून आवडली होती. तिने चित्रांखाली छापील पट्टी लावली. त्यात ओसाडपणातलं झपाटून टाकणारं सौंदर्य वगैरे शब्द होते. काकूंनी चष्मा लावून पट्टी दोनदा वाचली.

"हेलन," त्या म्हणाल्या, "हू इज हॉन्टेड, लव्ह?"

हेलन गोंधळली. म्हणाली, म्हणजे बघणारा. म्हणजे ती जागा बघून आपल्याला जे वाटतं ते.

"माझा नवरा तिथे काम करायचा आणि त्यानेच गेला," काकू शांतपणे इंग्रजीत म्हणाल्या. "मला तिथे झपाटल्यासारखं काही वाटत नाही. मला तिथे थंडी वाजते. तू फक्त कारखान्याचं नाव लिही आणि आभाळ भरलेलं होतं असं लिही." हेलनचे डोळे भरून आले. तिने नवी पट्टी छापली. काकूंनी तिला दुसऱ्या दिवशी थालीपीठ नेऊन दिलं.

त्याच प्रदर्शनात माझ्या मॅनेजरने, स्टीव्हने, ते चित्र पाहिलं. ती जागा आमच्याच कंपनीने घेतली होती. कारखाना पाडून तिथे नवं डेटा सेंटर व्हायचं होतं. स्टीव्हची इच्छा होती की चित्र नव्या इमारतीच्या रिसेप्शनमध्ये लावावं. फक्त त्यात जरा जीव यावा, म्हणजे सकाळची वेळ, गेटमधून आत जाणारी दोन-चार माणसं, असं काही करता येईल का, हे मी त्यांना विचारावं. मी विचारलं.

"माणसं कुठून आणू?" काकू म्हणाल्या. "निम्मी गेली. उरलेली हौन्स्लोला मुलांकडे राहतात." मग त्यांनी भाजीवर झाकण ठेवलं आणि गॅस बारीक केला. "चित्र आहे तसं देते म्हणावं. पैसे नकोत. पण पाडायच्या आधी मला एकदा आत सोडा."

हे स्टीव्हच्या हातात नव्हतं, पण त्याने खटपट केली. ॲस्बेस्टॉस काढून जागा स्वच्छ असल्याचा दाखला येईपर्यंत कुणालाच आत सोडत नव्हते. तो आला तसं एका सकाळी आम्हाला बोलावलं. काकूंना हेल्मेट मोठं होत होतं, चमकदार पट्ट्यांचं हाय-व्हिज जॅकेट गुडघ्यापर्यंत आलं होतं. मास्कही दिला. साइटचा माणूस पुढे, काकू मधे, मी मागे. एक अंधारा पॅसेज होता, ऑफिसच्या खोल्या होत्या, मग त्याने एक मोठं सरकतं दार ढकललं.

आत उजेड होता. मला आधी वाटलं की छप्परच नाही. मग दिसलं, बाहेरून करवतीच्या दात्यांसारखं दिसणारं ते छप्पर प्रत्येक दात्याच्या एका अंगाला उभ्या काचेचं होतं. जवळजवळ सगळ्या काचा गेलेल्या होत्या, तिथून आभाळच आत येत होतं. मशिनं कधीच हलवलेली. फुटबॉलच्या मैदानाएवढी रिकामी जमीन आणि तिच्यावर सगळीकडे सारखा, थंड, पांढरा उजेड. कुठेही सावली नाही. कबुतरं एका तुळईवरून दुसऱ्या तुळईवर जात होती.

काकू दाराशीच थांबल्या. मास्कमुळे चेहरा दिसत नव्हता. मान वर करून त्या म्हणाल्या, "हा उत्तरेचा उजेड आहे, मुगी."

"म्हणजे?"

"चित्रकाराला लागतो तो. दिवसभर बदलत नाही. कोल्हापूरला आमच्या मास्तरांनी स्टुडिओसाठी भिंत फोडून उत्तरेला खिडकी काढून घेतली होती. एक खिडकी." त्या थोड्या पुढे गेल्या. साइटच्या माणसाने हात आडवा धरला, तशा थांबल्या. "इथे बघ किती आहे. आणि मी घरी स्वयंपाकघरात ट्यूबलाइटखाली बसून काढत होते."

"काकांनी कधी सांगितलं नाही?"

"त्यांना काय कल्पना, हा चांगला असतो म्हणून? त्यांना तो रोजचाच." त्या हसल्या असाव्यात. "मला एवढी वर्षं वाटत होतं, ते काळोखात होते."

त्यांनी स्टूल आणलं होतं, ते उघडलंच नाही. वहीही काढली नाही. नुसत्या उभ्या राहिल्या. साइटचा माणूस घड्याळ बघायला लागला तेव्हा मी त्यांच्या कोपराला हात लावला. परत येताना गाडीत त्यांनी डबा उघडून दोन्ही थालीपिठं खाल्ली आणि मला काही उरलं नाही हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

त्यानंतर शनिवारी बाहेर जाणं थांबलं. त्या घरीच आतलं चित्र करत होत्या, आठवणीतून, मोठ्या कागदावर. मी बॉक्स रूमच्या दारात उभी राहून बघायचे. छप्पर, तुळया, काचा, आणि सबंध कागदभर तो उजेड, कागदाचा पांढरा रंग तसाच राखून केलेला. मी त्यांचं इतकं सुंदर चित्र पाहिलं नव्हतं. तसं म्हटल्यावर त्या वैतागल्या नाहीत. "इथे सुंदर होतंच," त्या म्हणाल्या. "मी काय करू?"

त्याच हिवाळ्यात त्यांना खोकला लागला. आधी नेहमीच्या डॉक्टरने अँटिबायोटिक दिलं, मग दुसरं दिलं, मग एक्स-रे, मग स्कॅन. मुलगी मीरा ब्रिस्टलला फिजिओथेरपिस्ट आहे, ती प्रत्येक वेळी येऊ शकत नव्हती, म्हणून रिझल्टच्या दिवशी मी गाडी घेऊन गेले आणि काकूंच्या सांगण्यावरून आतही बसले. डॉक्टर बाई सावकाश बोलत होत्या. तुम्ही कधी ॲस्बेस्टॉसचं काम केलंय का? काकू म्हणाल्या, नाही. घरात कोणी? नवरा. मग बाईंनी पेन खाली ठेवलं.

"डिड यू वॉश हिज वर्क क्लोद्ज?"

"ऑफ कोर्स," काकू म्हणाल्या. "मागच्या बागेत झटकायचे, मग मशिनमध्ये टाकायचे. कोण धुणार दुसरं?"

त्या कपड्यांवरची धूळ त्यांच्याही फुप्फुसात गेली होती, हे डॉक्टर बाईंनी समजावून सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं. लिफ्टमध्ये मला काही वाटत नव्हतं, जणू कोणीतरी माझ्यासमोर तिसऱ्याच बाईची फाइल वाचली होती. काकूंनी माझ्याकडे पाहिलं.

"गाडीची चावी कुठाय?" त्यांनी विचारलं.

ती माझ्या हातातच होती. पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर त्या म्हणाल्या, "मीराला मी सांगते. तू फक्त मला घरी सोड." रस्ताभर त्या खिडकीबाहेर बघत होत्या. ट्रेडिंग इस्टेट आली तेव्हा म्हणाल्या, "ते ओव्हरऑल झटकताना धूळ उन्हात काय चमकायची. मी बघत उभी राहायचे."

वसंत ऋतूत कारखाना पाडला. मी त्यांना व्हीलचेअरमधून घेऊन जाते म्हटलं, त्या नको म्हणाल्या. चित्र पूर्ण करायचं होतं. ते झालं नाही. छप्पर आणि भिंती झाल्या, जमीन तशीच राहिली. "जमिनीवर काय होतं ते मला माहीत नाही," त्या म्हणायच्या, "आणि रिकामी काढायला हात होत नाही." शेवटच्या आठवड्यांत मीरा येऊन राहिली होती. मी संध्याकाळी ऑफिसमधून जाऊन बसायचे. काकू बहुतेक वेळ झोपलेल्या असायच्या. एकदा डोळे उघडून त्यांनी विचारलं, "मुगी, पुण्याला जाऊन आलीस का?" मी म्हटलं, तिकीट काढलंय. तिकीट खरंच काढलेलं होतं. "आईपाशी बस जरा," त्या म्हणाल्या. "काही बोललं नाही तरी चालतं." त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही. मी पुण्यात असताना मीराचा फोन आला.

क्रिमेटोरियमला मी परत आल्यावर पोहोचू शकले, कारण इथे अंत्यसंस्कारांची तारीख मिळायला बरेच दिवस लागतात. नंतर घरी पंधरा-वीस माणसं आली. मंडळातली, शाळेच्या किचनमधली, गल्लीतली. मीराने बॉक्स रूममधली चित्रं खाली आणून ठेवली होती, ज्याला जे हवं ते घेऊन जायला. आतलं चित्र मात्र तिने फायरप्लेसवरच्या फळीवर उभं केलं होतं, खाली पांढरी जमीन तशीच.

संधू अंकल म्हणून एक वयस्कर गृहस्थ काठी टेकत आले. काकांच्या शिफ्टवर असायचे, मीराने ओळख करून दिली. ते चहाचा कप घेऊन चित्रापुढे गेले आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. मी शेजारी होते.

"ये अपना शॉप फ्लोर है?" त्यांनी विचारलं.

"हो अंकल. काकूंनी काढलंय."

"ये लाइट कहाँ से आ गई?" ते म्हणाले. "ऊपर तो सारा तारकोल था. पानी टपकता था ना, तो पूरे शीशे पे काला मार दिया था, हमारे आने से भी पहले. दिन में भी ट्यूब जलती थी. बाहर धूप है कि बर्फ, छुट्टी होने पे पता चलता था."

मीरा सँडविचची ताटली घेऊन आमच्या मागे येऊन थांबली होती. "अंकल काय म्हणतात?" तिने मला विचारलं.

मी सांगितलं. काचांना डांबर फासलेलं होतं, आत उजेड नव्हता. आम्ही गेलो तेव्हा काचा गेलेल्या होत्या, म्हणून तो दिसला.

"मला माहीत आहे," मीरा म्हणाली.

"तुला कसं?" मी विचारलं.

"मी समर जॉब केला होता तिथे, ऑफिसमध्ये. स्कूलमध्ये असताना. डॅडचा डबा द्यायला आत जायचे. इट वॉज लाइक अ केव्ह, नुसती गुहा. आईने कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही." ताटली तिने टेबलावर ठेवली. "ज्या दिवशी तुम्ही दोघी साइटवर गेलात ना, त्या दिवशी आईचा फोन आला. मी क्लिनिकमध्ये होते. तिचा आवाज असा मी कधीच ऐकला नव्हता. म्हणाली, मीरा, डॅड उजेडात होते गं. सगळी वर्षं उजेडात होते." मीराने दोन्ही हातांनी चेहरा पुसला. "मी काय बोलणार? मी बोलले, हो आई."

संधू अंकलना मराठी किती कळलं ते मला माहीत नाही. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला आणि वाकून चित्राच्या अगदी जवळ गेले.

"भाभीजी ने बना दिया तो ठीक है," ते म्हणाले. "ऐसा ही होना चाहिए था."

मीराने त्यांच्या हातातला रिकामा कप घेतला आणि आणखी चहा हवा का विचारलं. ते हो म्हणाले, म्हणून मी किटली लावायला आत गेले.